अमेरिकेत आपल्या शहराचं चार्टर तपासणाऱ्या समितीवर काम कसं करावं

समजा, घरासमोरच्या झाडाच्या मुळांनी पदपथ उचकटला आहे. झाडांचं खातं म्हणतं, पदपथ आमच्याकडे नाही. रस्त्यांचं खातं म्हणतं, झाडाची परवानगी आणा. दोन्ही खाती आपापल्या जागी खरं बोलत असतात, कारण कुठलं काम कोणाकडे हे शहराच्या मूळ कायद्याने तसं वाटून दिलेलं असतं. अमेरिकेत या मूळ कायद्याला चार्टर म्हणतात. ती शहराची घटनाच. मेयरला अधिकार किती, कौन्सिलर किती आणि कसे निवडायचे, अधिकाऱ्यांना कोण नेमणार, हे सगळं तिथे ठरतं. आणि अनेक शहरांत ते तपासून बदल सुचवायला साध्या रहिवाशांची समिती बसते.

आपल्याकडच्या माणसाला हे नवीन वाटतं. मुंबई महापालिका १८८८ च्या कायद्यावर चालते, त्यात दुरुस्ती विधिमंडळ करतं आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. शहरातल्या लोकांनी टेबलाभोवती बसून आपल्याच कारभाराची घडी बदलायची, ही सवय आपल्याला नाही. अमेरिकेत पंधरा-वीस वर्षं राहून, घर घेऊन, मुलं तिथल्या शाळांत घालूनही अशा समितीसाठी अर्ज करणारे मराठी लोक मला फारच थोडे भेटतात. ते वाढावेत म्हणून हा लेख.

आधी संधी कधी आहे ते शोधा

काही शहरांच्या चार्टरमध्येच ठरावीक काळाने फेरतपासणीची अट असते. ऑरेगनमधल्या पोर्टलंडमध्ये ती किमान दहा वर्षांतून एकदा होते. इतरत्र कौन्सिल ठराव करून समिती नेमते. सिटी क्लर्कच्या, म्हणजे शहराचे दप्तर आणि नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयाला फोन करून सरळ विचारा: पुढची चार्टर समिती कधी, अर्ज कधी निघणार? हे लोक मदत करतात, ते त्यांचं कामच आहे.

पात्रता नीट वाचा

कुठे शहरात राहणं पुरतं, कुठे नोंदणीकृत मतदार असावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोने नोव्हेंबर २०२० मध्ये मतदानाने शहराच्या समित्यांसाठीची नागरिकत्वाची अट काढून टाकली, सगळीकडे तसं नाही. ग्रीन कार्डवर असाल तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. अर्जाची अट पुरी व्हावी म्हणून नागरिकत्व नसताना मतदार नोंदणी कधीही करू नका. त्याने तुमचा देशातला मुक्काम आणि पुढचा नागरिकत्वाचा अर्ज, दोन्ही धोक्यात येतात. व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा, विशेषतः समितीच्या कामाला मानधन असेल तर. समितीवर जाता आलं नाही तरी बैठकीत बोलता येतं. दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि ती नोंदली जातात.

अर्जात पदव्या नकोत, अडचण लिहा

आपली माणसं इथे हमखास चुकतात. शिक्षण, कंपनी, हाताखाली किती लोक, यात पान संपतं. निवड करणाऱ्यांना हवं असतं ते वेगळंच. बस थांब्यापासून शाळेपर्यंत पदपथ नाही, तो करायचा कोणी हे चार दारं ठोठावूनही कळलं नाही, म्हणून मला हे काम करायचं आहे: अशी चार ओळींची खरी हकीकत जास्त बोलते. वेळेबद्दल मात्र खरं सांगा. महिन्यातल्या एक-दोन संध्याकाळी आणि वाचनाचे तास, असं वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतं. पोर्टलंडच्या गेल्या समितीचं काम जवळजवळ दोन वर्षं चाललं.

चार्टर तीनदा वाचा

पहिल्यांदा गोष्टीसारखं, न थांबता. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन फक्त क्रियापदं बघा. इंग्रजी मजकुरात ‘शॅल’ कुठे आणि ‘मे’ कुठे, यावर खुणा करा. आपल्या कायद्यांच्या मराठीत ‘करील’ आणि ‘करता येईल’ यांत जो फरक, तोच हा. सिटी मॅनेजर, म्हणजे शहराचा कारभार पाहायला नेमलेला अधिकारी, दरवर्षी अहवाल ‘देईल’ असं असेल तर तुम्ही तो मागू शकता. ‘देता येईल’ असेल तर वाट बघत बसा. तिसऱ्यांदा आकडे आणि मुदती. जुन्या चार्टरमध्ये कधी कंत्राटाची डॉलरमधली मर्यादा थेट लिहिलेली असते. काळ बदलला तरी आकडा तोच राहतो, कारण तो बदलायलाही मतदान लागतं. मेयरची जागा मध्येच रिकामी झाली तर काय, हे कलम तर जरूर बघा. अडचण आल्याशिवाय ते कोणी वाचत नाही.

मग प्रत्येक मोठ्या कलमाला विचारा, तू इथे कशासाठी आलास? पोर्टलंडचं उदाहरण यासाठी मला फार मोलाचं वाटतं. १९०० साली टेक्सासमधलं गॅल्व्हस्टन वादळाने उद्ध्वस्त झालं. शहर पुन्हा उभं करायला तिथे मूठभर कमिशनर नेमले गेले आणि एकेकाकडे एकेक खातं दिलं. आणीबाणीत ते चाललं, म्हणून ही रीत देशभर पसरली. पोर्टलंडने ती १९१३ मध्ये घेतली आणि शंभरावर वर्षं ठेवली, इतर मोठ्या शहरांनी सोडून दिल्यावरही. निवडून आलेले पाच जण, सगळे अख्ख्या शहरातून, आणि खाती त्यांच्यात वाटलेली. कायदा करणाराच खात्याचा प्रमुख. मग एका खात्याचं दुसऱ्याशी जुळेना, आणि शहराचे काही भाग वर्षानुवर्षं प्रतिनिधीवाचून राहिले. आपल्या पदपथाची कहाणी अशीच एखाद्या जुन्या निर्णयापर्यंत जाऊन पोचते. तो धागा हाताला लागला की समितीवर तुमच्या शब्दाला वजन येतं.

चहावर ठरवू नका

बैठकीच्या आधी चार जणांशी बोलून मत जुळवून घ्यायचं, ही आपली मंडळाची आणि सोसायटीची पद्धत. इथे ती कायद्यात बसत नाही, कारण समितीची चर्चा लोकांसमोर, खुल्या बैठकीतच व्हायला हवी. फ्लोरिडात समितीच्या दोन सदस्यांनी समितीपुढच्या विषयावर खासगीत चर्चा केली तरी तो या नियमाचा भंग ठरू शकतो. कॅलिफोर्नियात १९५३ पासूनच्या ब्राउन कायद्यानुसार (खुल्या बैठकांचा तिथला कायदा), बहुमताइतक्या सदस्यांनी एकाकडून दुसऱ्याकडे निरोप पोचवत विषय ठरवला तर तीही बेकायदा बैठक. म्हणून समितीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका, ईमेलला ‘रिप्लाय ऑल’ करू नका. समितीच्या कामाची पत्रं कोणीही मागू शकतो असं धरूनच लिहा. शंका आली की सिटी ॲटर्नीला, म्हणजे शहराच्या वकिलाला, विचारा.

लोकांना कलम विचारू नका, त्रास विचारा

‘मेयरला नकाराधिकार असावा का?’ या प्रश्नाला दमून घरी आलेला माणूस काय उत्तर देणार? ‘शहराकडे शेवटची तक्रार कधी केलीत, पुढे काय झालं?’ असं विचारा. देवळात, गुरुद्वारात, वाचनालयात, भाड्याच्या घरांच्या संकुलात जा. दुभाषा मिळतो का, हे शहराला आधीच विचारा. घरी येऊन प्रत्येक हकीकतीसमोर कलमाचा क्रमांक लिहा. काहींसमोर क्रमांक येणारच नाही, कारण तो प्रश्न चार्टरचा नसून बजेटचा किंवा साध्या हलगर्जीचा असतो. ते समितीत मोकळेपणाने सांगा. घटनेत घालू नये ते घालायचा मोह मोठा असतो.

शेवटचं मतदान आणि शब्द

तुमच्या समितीचा शब्द कुठपर्यंत जातो, हे पहिल्याच बैठकीत विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी ती कौन्सिलला शिफारस करते. पोर्टलंडमध्ये वीसपैकी पंधरा मतं मिळाली की प्रस्ताव थेट मतदारांपुढे जातो. २०२२ मध्ये समितीत तो १७ विरुद्ध ३ मतांनी मंजूर होऊन मतदारांपुढे गेला आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे ५८ टक्के मतांनी मंजूर झाला. चार विभाग, प्रत्येकी तीन असे बारा कौन्सिलर, पसंतीक्रमाने मतदान, आणि खाती सांभाळायला व्यावसायिक प्रशासक. हे सगळं मतपत्रिकेवरच्या एकाच प्रश्नात बांधल्याबद्दल तिथे वादही झाला. डेट्रॉइटमध्ये २०२१ साली अख्खं सुधारित चार्टर एका प्रश्नात मांडलं गेलं आणि मतदारांनी ते नाकारलं. माझं मत असं, की एकमेकांवाचून चालूच शकत नाहीत एवढेच बदल एकत्र ठेवावेत, बाकीचे सुटे मांडावेत.

ऑरेगनमध्ये मतपत्रिकेवरचं शीर्षक १० शब्दांत, प्रश्न २० शब्दांत आणि सारांश १७५ शब्दांत बसवावा लागतो. दोन वर्षांचं काम एवढ्यात! शीर्षक लिहिणं तुमच्या हाती नसेल, पण अहवालाची भाषा असते. बदल शेजाऱ्याला सांगून बघा. त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं तर मसुदा पुन्हा लिहा.

तुमचं मत अल्पमतात गेलं तर अल्पमताचा अहवाल जोडण्याची परवानगी मागा, आणि त्यात रागावू नका, कारणं द्या. जे मुद्दे वेळेअभावी राहिले त्यांची कलमांसह यादी करून अंतिम अहवालाला परिशिष्ट म्हणून लावा, म्हणजे पुढच्या समितीला कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.