मुलांचा रुमॅटिक फीव्हर: निदान हुकवणाऱ्या या चुका टाळा

रुमॅटिक फीव्हर म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या घशातल्या संसर्गानंतर येणारा, सांधे आणि हृदयाला सूज आणणारा आजार. त्याच्या निदानात सगळ्यात महागात पडते ती केमिस्टकडून परस्पर आणलेली गोळी. मुलाचा गुडघा सुजलाय, अंगात ताप आहे, म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलं जातं. रुमॅटिक फीव्हरची सूज या गोळ्यांनी दोन-तीन दिवसांत उतरते. पण या आजाराची खूणच अशी, की दुखणं सरकतं: आज गुडघा, परवा घोटा, मग मनगट. पहिल्याच सांध्यावर गोळी पडली की पुढचं काही दिसतच नाही. डॉक्टरांपुढे येतं ते हिंडतंफिरतं मूल, आणि हृदयाच्या झडपांवरची सूज मात्र चालूच राहू शकते. निदान होईपर्यंत पॅरासिटामॉल पुरे. तेही देण्याआधी ताप मोजून लिहून ठेवा, १००.४ फॅरनहाइट किंवा वर, हा निदानाच्या निकषांत धरला जातो. पावसाळ्यात डेंग्यूचीही शंका असते, तेव्हा अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळायला ते दुसरं कारण.

एएसओ या रक्तचाचणीचा रिपोर्ट घेऊन घाबरणारे पालक पुष्कळ. हा आकडा एवढंच सांगतो, की स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा संसर्ग नुकता होऊन गेला असावा. दाटीवाटीच्या वस्तीत, भरलेल्या वर्गात शिकणाऱ्या ठणठणीत मुलांतही तो वाढलेला सापडतो. नुसत्या एएसओवर वर्षानुवर्षं पेनिसिलिन सुरू करणं चूकच. आरए फॅक्टरचा तर इथे काही संबंध नाही, तरी ‘संधिवाताची टेस्ट’ म्हणून तो हटकून केला जातो. त्यापेक्षा आईला एक प्रश्न विचारावा: दोन-चार आठवड्यांपूर्वी घसा दुखला होता का? ‘नाही’ म्हणाली तरी शंका सोडू नये, कारण बऱ्याच मुलांना तो आठवत नाही.

‘एकच सांधा आहे, म्हणजे रुमॅटिक नाही’ हे जुनं झालं. हा आजार ओळखण्याचे १९४४चे जोन्स निकष २०१५ मध्ये सुधारले. आपल्यासारख्या, जिथे हा आजार अजून आहे अशा भागांत, एका सांध्याची सूज किंवा अनेक सांध्यांचं नुसतं दुखणंही, इतर कारणं वगळल्यावर, मुख्य निकष ठरतं. स्टेथोस्कोपला काही ऐकू आलं नाही तरी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचाच. मुंबईत केईएम, सायन, नायर ही पालिकेची मोठी रुग्णालयं त्यासाठी आहेतच.

मात्र एकच सांधा लालबुंद, गरम, मूल हात लावू देत नाही, असं असेल तर सांध्यात पू असू शकतो. त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा. रात्री झोपमोड करणारी हाडदुखी आणि फिकटपणा असेल तर आधी रक्ताचा कॅन्सर वगळावा. दोन्ही पोटऱ्या संध्याकाळी दुखतात, सकाळी मूल धावतंय, सूज नाही, ताप नाही? मग बहुधा वाढीचं दुखणं.

आणि अक्षर अचानक बिघडलेली, हातातून पेला सांडणारी, तोंड वेडंवाकडं करणारी मुलगी. शाळेत ती ओरडा खाते. झोपेत या हालचाली थांबतात. हा कोरिया, रुमॅटिक फीव्हरचंच एक रूप, ज्यात हातपाय-चेहरा आपोआप हलतो. तो घशाच्या संसर्गानंतर काही महिन्यांनीही येतो, तोवर एएसओ नॉर्मल झालेला असतो, म्हणून रिपोर्ट पाहून तिला परत पाठवू नये.

निदान पक्कं झालं की दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, किमान पाच वर्षं, झडप बिघडली असेल तर त्याहून जास्त. ते चुकतं मे महिन्यात किंवा गणपतीत, कुटुंब गावी गेल्यावर. जाण्याआधीच तारीख पाहा, केसपेपर सोबत ठेवा आणि गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन मिळेल का ते आधी विचारून घ्या.