बायपोलरचा राग: या चुका टाळा

मानसोपचाराच्या ओपीडीत बाकावर बसलं की दर वेळी एक तरी आई किंवा बायको हे वाक्य म्हणते: "डॉक्टरसाहेब, बाकी सगळं बरं आहे, फक्त रागाची गोळी द्या." मी स्वतः बायपोलरच्या गोळ्या बरीच वर्षं खातोय आणि हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत. बायपोलर म्हणजे कधी उन्माद, म्हणजे डोकं भरधाव सुटणं, तर कधी खोल उदासी, असा मनाचा आजार. उन्माद म्हणजे नाचणं, गाणं, पैसे उधळणं एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. कित्येकांचा उन्माद चिडचिडीच्याच रूपात येतो. भांडण होतं त्या दिवशी तो सुरू झालेला नसतो, आधीच दोन-चार दिवस घरात मुक्कामाला असतो.

झोपेचा हिशेब न ठेवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, त्यामुळे यावर जरा लांब बोलणार आहे.

आपल्याकडे रब्बीत शेतीची लाईन काही दिवस रात्रीची असते. हरभरा-गव्हाला ओलित करायचं तर रात्री वावरात जावं लागतं, वरून रानडुकरं आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) जागल, म्हणजे रात्रभर राखण. साध्या माणसाला यात फक्त थकवा येतो. बायपोलर असलेल्याला सलग जागरण झालं की उन्माद सुरू होऊ शकतो. डॉक्टर हे सांगतात, पण शहरातल्या डॉक्टरला जागल म्हणजे काय ते ठाऊक नसतं, आणि आपणही सांगत नाही.

माझा एक भाचा दारव्हा तालुक्यात राहतो. गोळ्या चालू होत्या, तब्येत चांगली होती. हरभऱ्याच्या दिवसांत आठवडाभर रात्रीचं ओलित त्यानंच अंगावर घेतलं. फोनवर मला म्हणाला, "मामा, झोपच नाई लागत, पन थकवाई नाई. दोन मानसाचं काम एकटाच करून रायलो." घरचे खूश, पोरगा कामाला लागला म्हणून. मी त्याच्या बापाला लगेच सांगितलं की याला दवाखान्यात ने. ते म्हणाले, ओलित आटोपू द्या. मधल्या काळात त्यानं उधारीवर पाण्याची नवी मोटार आणली, रात्री दोनला सोयऱ्यांना फोन केले, जेवता जेवता उठून निघून जायला लागला. मग एका सकाळी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं धुऱ्याची (बांधाची) माती हातभर ओढली. यानं फावड्याच्या दांड्यानं ट्रॅक्टरचे दोन्ही लाईट फोडले, आणि मध्ये पडलेल्या बापाच्या मनगटावर एक बसला.

तंटामुक्ती समितीसमोर प्रकरण गेलं. दोन तास धुऱ्यावर चर्चा: कोणाची हद्द, मोजणी कधी झाली, बाभूळ कोणाची. पोरगा किती रात्री झोपला नाही, हे एकानंही विचारलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच होता.

माझी सवय सांगतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी किती तास झोपलो तो आकडा लिहितो. लागोपाठ दोन रात्री पाच तासांच्या खाली आणि तरी अंगात तरतरी, की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. भांडणाची वाट बघत नाही. रात्रीचं ओलित मी भावाकडे देतो आणि बदल्यात त्याची दिवसाची फवारणी उचलतो. सौर पंप ज्याच्याकडे आला त्याची ही कटकट सुटली. "एका रात्रीनं काय होते?" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, कॅलेंडर दाखवतो.

प्रत्येक रागाला "गोळी घेतली का?" म्हणणं

ही चूक घरच्यांची. मागे एका व्यापाऱ्यानं माझ्या कापसाला काट्यात मारलं. मी चिडलो, चिडायलाच पाहिजे होतं. सोबतचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, गोळी घेतली ना आज?" व्यापारी सुटला आणि मी वेडा ठरलो.

बायपोलर असलेल्या माणसालाही खरा राग येतो. फरक मी असा करतो: खऱ्या रागाला पत्ता असतो. कोणावर, कशासाठी हे सांगता येतं, आणि संध्याकाळपर्यंत तो उतरतो. आजाराच्या रागाचा पत्ता बदलत राहतो. सकाळी भावावर, दुपारी दुकानदारावर, रात्री भाजीतल्या मिठावर. सोबत झोप कमी, बोलण्याचा वेग जास्त, खर्च सैल. हे सगळं एकत्र दिसलं तरच आजाराचं नाव घ्या, तेही एकांतात.

उलट बाजूही आहे. लाईट फोडायचे, बायकोला शिव्या द्यायच्या आणि मग "आजारानं केलं" म्हणून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. डोकं शांत झालं की भरपाई द्यायची. भाच्यानं तूर विकून ट्रॅक्टरचे पैसे दिले.

भडक्याच्या वेळी समजावत बसणं

त्या वेळी कितीही बरोबर बोललात तरी ते तेल ओतणंच आहे. आमच्या घरी एक वाक्य ठरलेलं आहे: "मी मोटार बघून येतो." मी हे म्हणून चप्पल घातली की कोणी मागे यायचं नाही, "बोल ना आता" म्हणायचं नाही. हे वाक्य शांत दिवशी ठरवावं लागतं. तुम्ही परत येता हे घरच्यांना दोन-चारदा दिसलं की मगच त्यांचा विश्वास बसतो. घाई असणाऱ्यांना इथंच कंटाळा येतो, त्यांना पहिल्याच आठवड्यात फळ पाहिजे.

बरं वाटलं म्हणून गोळी सोडणं

गोळी चालू आहे म्हणून बरं वाटतं. लिथियम, म्हणजे बायपोलरवरची एक नेहमीची गोळी, अचानक बंद केली तर आजार उलटण्याचा धोका मोठा. महिनाभर गोळी खाऊन "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांना मी सोयाबीन किती दिवसांचं असते ते विचारतो.

लिथियम घेणाऱ्यांनी रक्तातलं प्रमाण तपासताना शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी रक्त द्यावं. सकाळची गोळी खाऊन लॅबमध्ये जाणारे फार. मग आकडा जास्त येतो आणि घरचे घाबरून गोळीच बंद करतात. थायरॉईड आणि किडनीची तपासणीही डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्या.

आणि आपला उन्हाळा. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. घामानं अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं. बिनमिठाचे उपास, हगवण-उलटी, अंगदुखीसाठी घेतलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक, यानंही वाढू शकतं. हात जोरात थरथरतात, पाय लटपटतात, जीभ जड होते. गावात लोक म्हणतात, पिऊन आला. घरचे ओरडतात, तोही चिडतो, आणि यात जो वेळ जातो तो जिवावर बेतू शकतो. अशी लक्षणं दिसली की पुढची गोळी न देता थेट दवाखाना गाठा.

बाकीच्या थोडक्यात

उदासीवर दुसऱ्याच्या चिठ्ठीतली गोळी घेऊ नका. नुसत्या नैराश्याच्या गोळीनं बायपोलरचा माणूस उन्मादात जाऊ शकतो.

दारूनं झोप येते हा भ्रम आहे. वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी असूनही हा भ्रम कमी झालेला नाही.

"लग्न करून द्या, शांत होईल." कोणाच्या पोरीचं वाटोळं करून?

भगताकडे जायचंच असेल तर गोळी खिशात घेऊन जा आणि वेळेवर खा.

खाटेला साखळीनं बांधू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसिक आजार असलेल्या माणसाला साखळीनं बांधायला मनाई केली आहे, आणि सुटल्यावर तो माणूस तुमच्यावर परत विश्वास ठेवत नाही.

फवारणीची औषधं घरात ठेवू नका. रागाच्या आणि उदासीच्या दिवसांत तर मुळीच नाही, दुसऱ्याच्या गोदामात कुलूप लावून ठेवा. माणूस मरणाची भाषा बोलला तर "नाटकं करतो" म्हणू नका, त्याला एकटं सोडू नका आणि दवाखान्यात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आमच्याकडे तो मोटारीच्या स्टार्टरच्या डब्यावर खडूनं लिहिलेला आहे, कारण रात्री फोन करायची वेळ आली तर माणूस तिथंच असतो.