मेडिकल स्कूलला रीअप्लाय: जुना पर्सनल स्टेटमेंट सुधारतच नव्हता, शेवटी असा जमला

अमेरिकेत एमडीसाठी परत अप्लाय करताय आणि जुना निबंध (पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे डॉक्टर का व्हायचंय ते सांगणारा) कितीही दुरुस्त केला तरी तोच वाटतोय, तर हे वाचा. माझ्या पहिल्या सायकलमध्ये, म्हणजे अर्जाच्या पहिल्या फेरीत, एकही इंटरव्ह्यू आला नव्हता. मग सुरुवात बदलून बघितली, मधल्या वर्षात काय केलं त्याचा पॅरा शेवटी जोडला, इंग्लिश पॉलिश करून घेतलं, काही उपयोग नाही. अक्षरशः रडकुंडीला आले होते.

चाललं ते असं. आधी जुना निबंध प्रिंट केला आणि जे वाक्य अर्जातल्या अ‍ॅक्टिव्हिटीज ह्या वेगळ्या भागातही आहे ते सरळ खोडलं, कारण एएमकॅसमध्ये (एमडीचा सामाईक ऑनलाइन अर्ज) तिथे १५ नोंदी मिळतात, प्रत्येकी ७०० कॅरेक्टर, मग तेच निबंधात कशाला? अर्ध्याहून जास्त उडालं. मग ती प्रिंट बाजूला ठेवून कोऱ्या पानावर फक्त मागच्या अर्जानंतर पाहिलेलं लिहिलं. मी क्लिनिकमध्ये स्क्राइब (डॉक्टरांसाठी नोंदी लिहिणारी) होते, तिथे एक आजोबा महिनाभर पुरावी म्हणून मेटफॉर्मिनची (डायबिटीसची) गोळी अर्धी करून घेत होते आणि चार्टवर मात्र पूर्ण डोस. तो प्रसंग, त्यात मी काय केलं, त्यातून डॉक्टरच का व्हायचंय, ह्याच क्रमाने. त्यानंतरच जुन्यातली जुळणारी दोन-तीन वाक्यं परत घेतली. रिजेक्शनची सफाई अजिबात दिली नाही, काय बदललं ते बऱ्याच शाळा सेकंडरीत (मुख्य अर्जानंतरच्या त्यांच्या स्वतःच्या अर्जात) विचारतातच.

शेवटी नोटपॅडमध्ये टाकून स्पेससकट ५३०० कॅरेक्टरमध्ये बसवला आणि जुना न वाचलेल्या मैत्रिणीला दिला. "डॉक्टर का?" ह्याचं उत्तर तिने न अडखळता सांगितलं, तेव्हाच सबमिट केला, कारण नंतर निबंध बदलता येत नाही. ह्या सायकलला इंटरव्ह्यू आले.