ऑस्ट्रेलियाला एकट्याने वर्किंग हॉलिडेवर जाताय? काम आणि खोली एकाच माणसाकडून घेऊ नका

आपल्या पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा (सबक्लास ४६२) २०२४ पासून मिळायला लागलाय, पण वर्षाला जागा फक्त १००० आणि त्याही बॅलटने, म्हणजे सरळ लॉटरी. वय १८ ते ३०, बॅलटची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, सोबत पासपोर्ट आणि पॅन कार्ड. नाव लागेपर्यंत नोकरीचा राजीनामा अजिबात टाकू नका. नाव लागलं की मात्र अर्जाला २८ दिवसच मिळतात आणि तेवढ्यात इंग्रजीची परीक्षा, शिक्षणाचे कागद, बँक स्टेटमेंट सगळं गोळा करायचं म्हणजे जीव जातो, त्यामुळे ही फाईल आधीच तयार ठेवा, नाही लागला नंबर तर पुढच्या वर्षी कामाला येईल.

पैसे साधारण ५००० डॉलर दाखवावे लागतात, वर परतीच्या तिकिटाचे वेगळे. हा आकडा व्हिसापुरता आहे. सिडनी मेलबर्नला उतरलात तर खोलीचं डिपॉझिट (तिकडे बाँड म्हणतात, बऱ्याचदा चार आठवड्यांचं भाडं), वर आगाऊ भाडं, आणि पहिला पगार हातात यायला काही आठवडे, म्हणजे यातले बरेचसे तिथेच उडतात. एकटं जायचं असेल तर जास्त ठेवा, कारण वाईट जागेतून दुसऱ्या दिवशी उठून निघून जाता येणं ही चैन पैशानेच मिळते.

पोचल्यावर आधी हॉस्टेल बुक करा, आठवडा दहा दिवसांचं. खोली स्वतः जाऊन बघितल्याशिवाय एक डॉलरही पाठवायचा नाही, फोटो कितीही छान असू देत. मग सिम, बँक खातं आणि टॅक्स फाईल नंबर. टीएफएन टॅक्स ऑफिसच्या साइटवर फुकट मिळतो, त्यासाठी एजंटला पैसे देणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं. तो दिला नाही तर पगारातून सगळ्यात वरच्या दराने टॅक्स कापतात.

आता मुद्द्याचं. एकट्याने गेलेल्याला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी भेटतं, बऱ्याचदा आपल्याच भाषेतलं, फार प्रेमाने म्हणतं की काम पण देतो, राहायला पण आहे, काळजी करू नको. काम आणि पलंग एकाच माणसाच्या हातात द्यायचा नाही. पगार कमी दिला तर भांडणार कसं, रात्री झोपायला त्याच्याच घरी जायचंय ना. शेतावर कामाला जाताना वर्किंग हॉस्टेल असतात तिथे ही सोय एकत्रच मिळते, मग निदान किती आठवडे बांधून घेतायत, काम नसलेल्या दिवसाचं भाडं लागतं का आणि बाँड परत कधी, हे मेसेजवर लिहून घ्या.

जुलै २०२५ पासून किमान पगार तासाला २४.९५ डॉलर झाला, आणि कॅज्युअल (लागेल तसं बोलावणं, पगारी सुट्टी नाही) असाल तर सहसा वर २५ टक्के. फळं तोडायचं काम बादलीवर देत असले तरी २०२२ पासून तासाची किमान हमी आहे, ती नाकारणारा शेतवाला तुम्हाला नवखा समजतोय. कोणी म्हणालं एबीएन (धंद्याचा नोंदणी नंबर) काढून ये, तर सावध व्हा, म्हणजे कागदावर तुम्ही नोकर नाही, स्वतंत्र धंदेवाले, आणि सुट्टी, सुपर (मालक भरतो ती निवृत्तीची रक्कम) सगळं गेलं. पेस्लिप पगारानंतर एका कामाच्या दिवसात द्यावी लागते, नाही दिली तर तुमचे तास तुम्हीच रोज फोनमध्ये लिहा. तक्रार फेअर वर्क ओम्बड्समनकडे, म्हणजे कामगारांच्या हक्कांचं सरकारी ऑफिस, तिथे करता येते.

बारमध्ये दारू सर्व्ह करायची तर आरएसए (दारू जबाबदारीने देण्याचं सर्टिफिकेट), बांधकामावर व्हाइट कार्ड (सुरक्षिततेचं), दोन्ही छोटे कोर्स आहेत. एका मालकाकडे साधारणपणे सहाच महिने काम करता येतं (काही कामांना सूट आहे), त्यामुळे एकाच कॅफेत वर्ष काढायचा प्लॅन करू नका.

आजारी पडलात तर मेडिकेअर (तिथली सरकारी आरोग्य योजना) आपल्याला लागू नाही, इन्शुरन्स घ्याच, आणि त्यात शेतातली, मशीनवरची कामं धरली आहेत का वाचून बघा. लांबच्या शेतावर जाताना पत्ता, मालकाचं नाव आणि गाडीचा नंबर घरच्या एकाला तरी पाठवा, नेटवर्क जातं तिकडे. इमर्जन्सीला ०००.

दुसरं वर्ष हवं असेल तर ठरलेल्या भागात ठरलेलं काम ८८ दिवस करावं लागतं, त्याला परत बॅलट नाही, पण काम सुरू करायच्या आधी तिथला पोस्टकोड (पिनकोड) व्हिसाच्या सरकारी यादीत बघा, नंतर बघून काही उपयोग नाही. आणि सुपरचे पैसे देश सोडल्यावर मागता येतात खरे, पण त्यातले ६५ टक्के टॅक्समध्ये जातात, तेव्हा ते पैसे हिशोबात धरूच नका.