मनीप्लांटची पानं मोठी हवीत? मग वेल वर चढवा

मनीप्लांट घरोघरी असतो पण बहुतेक ठिकाणी अवस्था एकच, लांबच लांब उघडी काडी आणि तिच्यावर मधूनमधून एकेक छोटंसं पान. मग लोक ताक घाल, चहाचा चोथा घाल, असले उद्योग सुरू करतात. अहो खताचा प्रश्नच नसतो. हा मूळचा ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावरचा वेल, जंगलात झाडाच्या खोडाला धरून वर जातो आणि जसजसा चढेल तशी पानं मोठी होत सुपाएवढी होतात, तोच खाली लोंबकळत सोडला की पानं बारीक होत जातात. वास्तुवाले सांगतात वेल खाली लोंबू देऊ नका पैसा जातो, पैशाचं बघा तुमचं तुम्ही, पानांपुरतं मात्र त्यांचं बरोबर आहे.

चढवायला मॉस स्टिक लागते. नर्सरीत काथ्याची मिळते, नाहीतर घरी पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला काथ्या किंवा गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळायचं, झालं. काठी आधी कुंडीत तळापर्यंत उभी करा आणि मग माती भरा, नंतर खुपसली तर मुळं तुटतात आणि काठीही डुगडुगते. वेलाच्या प्रत्येक पेरापाशी एक तपकिरी टोक दिसेल, ती हवेतली मुळं, ती बाजू काठीला टेकवून सैलसर बांधा. आणि काठी ओली ठेवायची!! नव्वद टक्के लोक इथेच चुकतात असं माझं मत, काठी कोरडी असेल तर मुळं धरणार कशाला, नुसती शोभेला उभी राहते. रोज स्प्रे मारा किंवा कुंडीला पाणी घालताना वरून काठीवर ओता.

उजेड भरपूर पण दुपारचं ऊन थेट नको, पानं करपतात. पूर्वेची खिडकी बेस्ट. बाथरूममध्ये ठेवला तर जगतो, वाढत नाही. पिवळे-पांढरे पट्टे जाऊन नवी पानं नुसती हिरवी यायला लागली तर उजेड कमी पडतोय, जागा बदला आणि शेवटचं पट्टेवालं पान जिथे आहे तिथपर्यंत मागे छाटा.

पाण्याला वार ठरवू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर राहू द्या. मे महिन्यात दोन-तीन दिवसांनी लागेल, जुलैत कदाचित आठवडाभर नाही लागणार. माती ओली असून पानं पिवळी पडतायत म्हणजे मुळं कुजतायत, कुंडीतून काढून काळी लिबलिबीत मुळं कापा आणि नव्या मातीत लावा. मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग पर्लाईट (माती मोकळी ठेवणारे पांढरे हलके खडे) घेते, पर्लाईट नसेल तर जाडी वाळू चालते. कुंडीला भोक हवंच.

बाटलीत ठेवत असाल तर पाणी दर आठवड्याला बदला, कारण डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरात येऊन या बाटल्या उगाच नाही बघत. नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, अंडी काचेला चिकटलेली असतात, बाटली आतून ब्रशने घासा, मुळंही धुवा.

कुंडी भरगच्च हवी तर शेंडे छाटा, पेराच्या जरा खाली कापून तेच तुकडे पाण्यात मुळं फुटली की त्याच कुंडीत लावा. पेर नसलेलं नुसतं पान कितीही दिवस पाण्यात ठेवा, त्यातून वेल येत नाही.

मिलीबग दिसला (देठाशी पांढरा कापूस) तर ओल्या फडक्याने पुसून आठवड्याने निंबोळी तेलाचा स्प्रे मारा. आणि घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं बाळ असेल तर वेल त्यांच्या तोंडाला लागणार नाही इतका उंच ठेवा, पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते आणि उलट्याही होऊ शकतात.