पाहुण्यांशिवाय वेरूळ: आपल्याच गावची लेणी कशी पाहावीत

आमच्या संभाजीनगरात कुणालाही विचारा, वेरूळला किती वेळा गेलात, की माणूस पाहुणे मोजायला लागतो. मीही तशीच मोजायचे. नणंदेकडची मंडळी दोनदा, पुण्याचे मावसभाऊ, जाऊबाईंच्या माहेरचे, मुलाचे कॉलेजातले मित्र, मग सुनेचे आईवडील. अशी आणखीही, सगळं मिळून अकरा वेळा. या अकराही वेळा कैलास लेणं पाहिलं ते सगळ्यांच्या पर्स आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत. जेवणाआधी घृष्णेश्वराचं दर्शन आटपायचं असायचं, परतताना दौलताबाद. त्यामुळे अर्धं लक्ष घड्याळाकडे.

बँकेत 27 वर्षं कॅश काउंटरला काढली. निवृत्त झाल्यावर एका बुधवारी एकटीच एस.टी.त बसून वेरूळला गेले, सोबत कुणी नाही. संध्याकाळी परत आले तेव्हा दोनच लेणी पाहून झाली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा वेरूळ पाहिल्यासारखं वाटत होतं. तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या लेण्यात जाते. शहरात जन्म गेला तरी ज्यांचं हे राहून गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पिकतं तिथं विकत नाही, असं लोक म्हणतात. मला ते इथे लागू पडत नाही असं वाटतं. आपल्या माणसांना लेण्यांची किंमत नाही, हे खोटं आहे. परगावच्या कुणी वेरूळला नावं ठेवून पाहावीत, आमचा रिक्षावालासुद्धा रिक्षा थांबवून वाद घालेल. अडचण वेगळी आहे. ही जागा आपल्याला आपली म्हणून मिळतच नाही. आधी ती शाळेच्या सहलीची असते, मग पाहुण्यांची, मग देवाची. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो माणसं चालत खुलताबादला भद्रा मारुतीला जातात. मी सहा वेळा गेलेय. तिथून वेरूळ जेमतेम चार किलोमीटर, पण पाय तिथूनच मागे फिरतात. विद्यापीठामागच्या गोगाबाबा टेकडीवर रोज पहाटे फिरायला जाणारे ओळखीत डझनभर आहेत. त्याच डोंगररांगेत औरंगाबाद लेणी आहेत. पायऱ्या चढून वर गेलेले त्यातले दोघे.

परगावचा माणूस रजा टाकून, रेल्वेचं आरक्षण करून येतो. त्याची तारीख ठरलेली असते. आपली कधीच ठरत नाही, कारण आपण कधीही जाऊ शकतो. म्हणून पहिलं काम हे करा: कॅलेंडरवर गॅस आणि दूध लिहिता तिथेच लेण्यांची तारीख लिहा. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. श्रावणी सोमवार टाळा. घृष्णेश्वराची गर्दी असते आणि दौलताबादच्या दिल्ली दरवाज्यापाशी गाड्या तासतास अडकतात. नोकरीमुळे ज्यांना रविवारशिवाय गत्यंतर नाही त्यांनी तिकीट खिडकी उघडायच्या वेळेलाच दारात असावं. अकराला गर्दी चढते तोवर तुमचं पाहून झालेलं असेल.

सुरुवात मात्र वेरूळपासून करू नका. विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्यांपासून करा. घरापासून रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटं, सकाळी निघालात तर दुपारच्या स्वयंपाकाला परत. पश्चिमेकडे 1 ते 5 क्रमांकाची लेणी, तिथून साधारण किलोमीटरभरावर पूर्वेकडे 6 ते 9. एकाच तिकिटात दोन्ही होतात, तेव्हा तिकीट टाकून देऊ नका. पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर एका दिवशी एकच गट करा.

शेजारच्या काकू पंचाहत्तरीच्या, लग्न होऊन गुलमंडीत आल्या आणि पुढे मुलाबरोबर आमच्या टीव्ही सेंटरच्या बाजूला राहायला आल्या. "पन्नास वर्षं नुसतं ऐकतेय, लेणी, लेणी," म्हणाल्या. गेल्या डिसेंबरात त्यांना घेऊन गेले. दर वीस पायऱ्यांना थांबत वर पोहोचलो आणि तिसऱ्या लेण्यात शिरलो. आत गाभाऱ्यात बुद्ध बसलेला आहे आणि त्याच्यासमोर दोन्ही बाजूंना भक्त गुडघे टेकून बसलेत. पूर्ण माणसाएवढे, दगडातले. काकू आधी दारातच थांबल्या. त्यांना वाटलं आत पूजा चालू आहे. मग हळूच आत येऊन बायकांच्या ओळीकडे निरखून पाहत राहिल्या. प्रत्येकीच्या केसांची ठेवण निराळी, दागिने निराळे, हात जोडलेले. काकूंनी चपला बाहेर काढल्याच होत्या. आता डोक्यावर पदर घेतला आणि त्या ओळीच्या शेवटी, भिंतीला टेकून, तशाच बसल्या. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अगं, ह्या कुठल्या तरी घरच्या बायका आहेत. देवी नाहीत."

मला पाहण्याची रीत काकूंकडून कळली. लेण्यात जाऊन उभं राहायचं नाही, बसायचं. निदान दहा मिनिटं. पहिली दोन मिनिटं बाहेरच्या उन्हामुळे काहीच दिसत नाही, आणि नेमक्या त्याच दोन मिनिटांत पाहुणे लोक फोटो काढून बाहेर पडतात. डोळे निवले की मूर्ती अंधारातून वर येऊ लागतात.

दुसरी गोष्ट, विजेरी न्या. मोबाइलचा दिवा चालतो, पण समोरून मारू नका. समोरून मारला की कोरीवकाम सपाट दिसतं. भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. सातव्या लेण्यात गाभाऱ्याच्या भिंतीवर मध्ये नाचणारी स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्यं घेऊन बसलेल्या बायका आहेत. बाजूने उजेड दिला की तिच्या कमरेचं वळण आणि वाजवणारीची बोटं एकदम सुटी होतात. त्याच लेण्याच्या दर्शनी भागात अवलोकितेश्वर, म्हणजे संकटातून सोडवणारा बोधिसत्त्व, आहे आणि त्याच्याभोवती माणसावर येणारी आठ संकटं कोरलीत: आग, बुडणारी नाव, हत्ती, साप आणि असंच. व्यापारी या वाटेने जायचे तेव्हा त्यांना कशाकशाची भीती वाटायची याची ती यादीच आहे. (विजेरीचं हे फक्त दगडी कामापुरतं. अजिंठ्याच्या चित्रांवर प्रकाश मारायचा नाही, फ्लॅशही नाही. रंग कायमचे जातात.)

आता वेरूळ. एकूण 34 लेणी: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. एका दिवसात सगळी पाहायची हा हट्ट सोडा. तो हट्ट पाहुण्यांचा, कारण त्यांना पुन्हा यायचं नसतं. आपल्याला चार फेऱ्या करता येतात. मध्यवर्ती बसस्थानकावरून एस.टी. किंवा काळी-पिवळी मिळते, साधारण तीस किलोमीटर. डबा घरून न्या आणि पोळी-भाजीच न्या. भाताचा डबा उन्हात आंबतो.

पहिल्या फेरीत शेवटची लेणी करा, जैन. पाहुण्यांबरोबर तिथवर कधीच पोहोचता येत नाही, सगळे कैलासातच दमतात. 32 नंबरला इंद्रसभा म्हणतात. वरच्या मजल्यावर आंब्याच्या झाडाखाली, सिंहावर बसलेली अंबिका आहे. मान वर करा, छतावर रंगाचे अवशेष अजून दिसतात. चालवत नसेल तर आवारात बॅटरीवरच्या गाड्या आहेत.

दुसरी फेरी बौद्ध लेण्यांची, आणि त्यात जीव लावून एकच: दहावं. पूर्वीपासून लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात, कारण छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी फासळ्या कोरल्यात. वेरूळचा सगळा डोंगर पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून दुपारी तीननंतर जा. दर्शनी खिडकीतून तिरपा उजेड आत शिरतो, तेव्हा तिथे बसण्यासारखं सुख नाही. बारावं, तीन मजली, त्याच दिवशी होतं.

तिसरी फेरी पावसाळ्यात. 29 नंबरच्या धुमार लेण्याशेजारून धबधबा कोसळतो, त्याला सीतेची नहाणी म्हणतात. दगड निसरडे असतात, साधी चप्पल नको, आणि जोराचा पाऊस असेल तर पाण्याजवळ जायचंच नाही. जाताना वाटेत 21 नंबरला, रामेश्वराला, अर्धा तास थांबा. बाहेर मकरावर उभी गंगा आहे, तिच्यावरून नजर निघत नाही. आत शंकर-पार्वती सारीपाट खेळताना आहेत आणि खाली नंदीभोवती गणांचा नुसता दंगा. वर घरातला डाव, खाली अंगणातली पोरं. माझ्या नातवाला हे दाखवलं तर तो तिथून हलेना.

कैलास चौथ्या फेरीला. मुद्दाम शेवटी. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं हे देऊळ डोंगर वरून खाली कोरत आणलेलं आहे, हे आपण शाळेपासून पाठ म्हणतो. पण बाकीच्या लेण्यांमध्ये बसून, एकेक खांब किती कष्टाचा ते पाहून आलात की त्या वाक्याचा अर्थ अंगावर येतो. आत गेल्यावर सरळ पायऱ्या चढू नका. आधी खालच्या अंगणातून देवळाला पूर्ण प्रदक्षिणा घाला, भिंतीला हत्तींनी पाठीवर पेललंय ते पाहत. मग एका बाजूचं महाभारत, दुसऱ्या बाजूचं रामायण. हे शिल्पपट गोष्टीच्या पुस्तकासारखे ओळीओळीने वाचायचे. रावण कैलास हलवतोय ते शिल्प दक्षिणेच्या बाजूला आहे, तिथे गर्दी असणारच. ती सरेपर्यंत बसा. आपल्याला कुठली गाडी गाठायची आहे?

अजिंठ्याबद्दल एवढंच सांगते की एका दिवसात जाऊन येऊ नका. शंभर किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, माणूस दमून लेण्यात पोहोचतो आणि चित्रांना ताजे डोळे लागतात. फर्दापूरला मुक्काम करा आणि सकाळच्या पहिल्या बसने लेण्यांपर्यंत जा. खासगी गाडी तशीही खालीच ठेवावी लागते. पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणीच्या, हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या, चित्रासमोर गोळा होतात. तेवढ्यात तुम्ही खांबांच्या माथ्याकडे पाहा: चार हरणं कोरलीत, आणि चौघांत डोकं एकच. ज्या हरणाकडे पाहाल त्याचंच ते वाटतं. सातवीच्या सहलीत मी याच खांबाखालून गेले असणार. त्या सहलीतला मला फक्त बसमधला पुरीचा डबा आठवतो.

पाहुणे तर येतच राहणार आणि ते यावेत. आता मी त्यांना आधीच सांगते की वेरूळ आणि बीबी का मकबरा एका दिवसात होणार नाही. तिकीट खिडकीजवळ सरकारमान्य गाईड करून देते, तो माझ्यापेक्षा कितीतरी नीट सांगतो. तास-दीड तास मंडळी त्याच्याबरोबर कैलासात असतात, तेवढा वेळ मी दहाव्या लेण्यात जाऊन बसते. गेल्या वेळी पुण्याचे भाऊ शोधत तिथे आले, काही न बोलता शेजारी बसले, आणि दौलताबाद राहून गेलं तरी कुणी तक्रार केली नाही.

परतताना वाटेत दिवाळीच्या सुमारास सीताफळं घ्या, दौलताबादच्या बाजूची. टोपलीत डोळे फुटलेली निवडा, घरी पोहोचेपर्यंत पिकतात.

पाऊस चांगला झालाय. काल काकूंनी जिन्यातून हाक मारून विचारलं, धबधबा सुरू झाला असेल का, आणि गुरुवार चालेल का. गुरुवारी वेरूळ उघडं असतं. त्यांच्यासाठी रबरी तळाचे बूट मी उद्याच घेऊन येणार आहे.