भरीत पार्टीला पोरं नेताय? पिशवीत साबण टाका

थंडी पडली की आपल्याकडे मळ्यात भरीत पार्ट्या सुरू होतात, पुण्या-सुरतची पोरं गाडीतून उतरली की पहिले गोठ्याकडेच पळतात, करडू उचल, वासराला हात चाटू दे आणि मग त्याच हातांनी पुरी-भरीत. घोळ तिथेच होतो.

सॅनिटायझर आहे ना, असं म्हणू नका. शेण-माती लागलेल्या हातावर ते नीट चालत नाही, आणि क्रिप्टोस्पोरिडियम म्हणून एक जुलाब लावणारा जंतू वासरांच्या शेणात असतो तो तर त्याने मरतच नाही. मोटर चालू करायला सांगा, वाहत्या पाण्यात साबणाने 20 सेकंद चोळा, नखं पण. 5 वर्षांच्या आतल्या पोरांचे हात तुम्हीच धुवा, त्यांची बोटं सारखी तोंडात असतात आणि त्रासही त्यांनाच जास्त होतो. बिस्किटचा पुडा, पाण्याची बाटली गोठ्यात न्यायचीच नाही. चटई लांब टाका, शेळ्या सुट्या असल्या तर ताटात तोंड घालणारच 😄

निरसं दूध नको म्हणजे नको. आजी म्हणतील "काही नही व्हस रे", पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, ताप महिनोन्‌महिने येत-जात राहतो. वाद घालू नका, गुपचूप पातेलं चुलीवर ठेवा आणि चांगलं उकळू द्या.

गोठ्यात शिरण्याआधी सालदाराला विचारा कोणती मारकी आहे. मागून जायचं नाही, आणि नुकती व्यालेली म्हैस असेल तर पारडूला हात लावायला जाऊच नका, एरवी गरीब असली तरी अंगावर येते. शेळी व्याली असेल तर गरोदर बाईने तिकडे फिरकू नये, वार-जार तर अजिबात हाताळू नये.

लम्पीची, म्हणजे जनावरांच्या अंगावर गाठी येणाऱ्या रोगाची, भीती अजून आहे लोकांना, 2022 ची महाराष्ट्रातली साथ आपल्या जळगावच्या रावेर तालुक्यातूनच सुरू झाली होती ना, पण तो माणसाला होत नाही. तरी आजारी जनावर असेल तर पोरं लांबच ठेवा.

मळ्यातलं कुत्रं चावलं किंवा नख लागलं तर 15 मिनिटं साबण-पाण्याने धुवा, हळद-चुना-तिखट काही लावू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरी आल्यावर कानामागे, काखेत गोचीड बघा. पुढच्या आठवड्यात जुलाब लागले, त्यात रक्त दिसलं, तर मेडिकलवरून गोळी आणून देऊ नका, डॉक्टरला दाखवा आणि पोरगं गोठ्यात खेळलं होतं हे आठवणीने सांगा.